पात्यावरचा दाब

रविवारची दुपार होती. अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या घरात, गाडी बाहेर काढून रिकाम्या केलेल्या गॅरेजमध्ये वल्लरी जुन्या जर्मन तलवारबाजीचा सराव करत होती. तलवार बोथट, पण चांगली पोलादी होती.

कोचने पहिल्याच दिवशी बजावलं होतं: तलवारी भिडल्या की डोळ्यांवर विसंबू नका, पात्यावरचा दाब हातांनी ओळखा. दाब आहे तोवर समोरच्याची तलवार कुठे आहे ते कळतं. दाब एकाएकी गेला, तर समजा की त्याने तलवार सोडवून घेतली आणि आता वार येतोय.

वल्लरीने दोन्ही हातांनी तलवार पुढे धरली, आणि पात्यावर डावीकडून दाब आला.

समोर फक्त वॉशिंग मशीन होतं. तिने तलवार खाली घेतली, पुन्हा धरली. दाब पुन्हा आला. तिने जोर वाढवला, तसा त्यानेही वाढवला.

"ऋषी, जरा इकडे ये ना."

नवरा चहाचा कप घेऊनच आला. तिचं सगळं ऐकून हसत म्हणाला, "मनगट गेलं असेल यार तुझं. दिवसभर लॅपटॉप."

त्याने कप खाली ठेवला, तलवार घेतली आणि तिच्यासारखीच धरली. पातं थरथरलं. त्याचं हसू मावळलं.

"तशीच धर. हलू नकोस," म्हणत वल्लरी फळीवरचा तलवारबाजीचा जाळीचा मास्क काढायला धावली.

"अगं, दाब होता खरा," तिच्याकडे मान वळवून ऋषी सुटकेने म्हणाला. "पण गेला आता."