पोटातलं

पंचवीस वर्षांच्या संसारात झुंबरनं पोटातलं कधी सरुबाईला सांगितलं नाही. राखोलीच्या कंपनीतून आला की भिंतीकडे तोंड करून निजायचा, विचारलं तर "काही नाही." आणि सिल्वासाच्या दवाखान्यात त्या तरण्या डॉक्टरणीला मात्र पहिल्याच भेटीत सांगून मोकळा झाला, "आठ महिने झाले, संडासवाटे रक्त पडतंय." सरुबाईचा तेव्हाच जळफळाट झाला होता.

आज झुंबरच्या आतड्यात दुर्बीण घालून झाल्यावर डॉक्टरणीनं तिला आत बोलावलं. "मावशी, मोठं आतडं सगळं पाहिलं. जागोजाग गाठी आहेत. लिम्फोमा वाटतोय, म्हणजे कॅन्सर."

"मले पंचवीस वर्षांत नाही दिसलं, तुमले घडीभरात दिसलं!" सरुबाई फणकारली.

डॉक्टरणीनं दुर्बिणीतली चित्रं दाखवणारा संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "बघा ना, मावशी."

सरुबाईनं डोळे गच्च मिटून घेतले.