दोर

खांदा आखडल्यापासून माझी मुलगी नमिता व्यायाम कर म्हणून मागे लागली होती. शेवटी तिने वर्सोव्याच्या आमच्या घरात व्यायामाचं यंत्र, पिलाटीजचा रिफॉर्मर, आणलाच. तोही लहानातला निवडला, कारण तिचे बाबा गेल्यावर त्यांची मासेमारीची जाळी उचलली, तेवढीच जागा रिकामी होती. “आये, सरकत्या पाटावर झोप. दोऱ्या खेच, मग हळूहळू सोड. सगळ्यांत हलकी स्प्रिंग लावलीय.” मी खेचल्या. पाट सरकला, आणि मी तशीच थांबले. “सोड ना गं.” “थांब जरा.” “कोणासाठी?” मलाही तेव्हाच कळलं. होडी वाळूवर ओढताना मी दोर खेचायचे आणि हे मागून धरायचे. त्यांनी ‘धरला’ म्हटल्याशिवाय मी कधी सोडला नाही. नमिताला ते सांगितलं. माझ्या उशाशी वाकून तिने दोऱ्यांना हात लावला. “धरला, आये.” आवाज तिचा होता. मी सोडला.