शेजारच्या सीटचा ब्रेक

मास्तर ओरडले नाहीत, तेव्हाच स्टिअरिंगवरच्या डॉक्टरीणबाईंना काहीतरी बिनसल्याची शंका आली.

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत होती, वळताना सिग्नल द्यायचा राहिला होता आणि एका उभ्या टेम्पोचा आरसा जेमतेम वीतभर अंतरानं वाचला होता. एरवी यातल्या एकेका गुन्ह्यासाठी मास्तरांनी आकाशपाताळ एक केलं असतं. त्यांच्या ड्रायव्हिंग क्लासमधून बाहेर पडलेला माणूस पुढे कुणाच्या बापाला घाबरत नाही, असं लोक म्हणायचे. जन्माचं ऐकून घ्यायचं ते सगळं तिथंच ऐकून झालेलं असायचं. आणि आज तेच मास्तर शेजारच्या सीटवर समोरच्या काचेकडे बघत गप्प बसले होते.

“मास्तर, गिअर बदलू का?”

“हं. बदला. नाहीतर असू दे.”

असू दे? मास्तर म्हणतायत, असू दे? बाईंनी चटकन बाजूला पाहिलं. कपाळावर घाम, कॉलर ओलीचिंब, मांडीवरचा हात थरथरतोय. आठवड्यापूर्वी त्यांनीच मास्तरांना इन्शुलिन सुरू केलं होतं. साखर उतरली होती, दुसरं काय!

मग कसं कुणास ठाऊक, बाईंनी आरशात बघितलं, सिग्नल दिला, वेग कमी केला आणि गाडी फुटपाथला अलगद लावून इंजिन बंद केलं. पर्समध्ये इंजेक्शनला रडणाऱ्या पोरांसाठी गोड गोळ्या असायच्या, त्या मूठभर काढल्या.

“मला काही झालेलं ना...”

“तोंड उघडा! आणि चावून खा, चघळत बसू नका!”

आवाज असा लागला होता, की मास्तरांनी मुकाट्यानं तोंड उघडलं. पर्समधला ज्यूसचा छोटा डबाही बाईंनी शेवटच्या घोटापर्यंत संपवायला लावला. हळूहळू हात थांबला, चेहऱ्यावर रंग आला, आणि मग मास्तरांनी गाडीभर नजर फिरवली.

“हँडब्रेक कोण लावणार? तुमचे मामा?”

बाईंना इतकं हायसं वाटलं, की डोळ्यांत पाणीच यायचं बाकी राहिलं. त्यांनी आनंदानं हँडब्रेक ओढला.

“साखर तपासायचं मशीन कुठाय?”

“घरी. कपाटात. खोकं अजून फोडलं नाही.”

“सकाळी काय खाल्लं?”

“क्लास झाल्यावर खाणार होतो.”

“आणि सुई?”

“ती घेतली की! सुईच्या बाबतीत आपण एकदम पक्के.”

बाईंनी कपाळावर हात मारला. “अहो, चालवायच्या आधी साखर बघायची, असं मी दहादा बजावलं होतं ना?”

“हो, पण मी कुठं चालवतो? चालवता तुम्ही. मी आपला शेजारी बसतो.”

बाईंनी वाकून खाली बोट दाखवलं. मास्तरांच्या पायांपुढे दुसरा ब्रेक होता, दुसरा क्लच होता. दोन्हींचं रबर वापरून वापरून गुळगुळीत झालं होतं.

“मग हे काय आहे? पायपुसणं?”

मास्तरांनी खाली पाहिलं. मग डॅशबोर्डवरच्या कागदाकडे पाहिलं. त्यांच्या परवान्याची मुदत संपत आली होती आणि हा माणूस गाडी चालवायला ठीक आहे, अशी त्यावर डॉक्टरांची सही हवी होती. तुम्ही सही करा, मी तुम्हाला लायसन्सच्या टेस्टला पाठवतो, असा सौदाही मास्तरांनी सकाळी डोळे मिचकावून मांडला होता.

“म्हणजे गेला माझा परवाना,” ते म्हणाले. “दुसरं काय येतं मला? घरी बसलो तर बायको चार दिवसांत हाकलून देईल.”

“सुईनं परवाना जात नाही, मास्तर. खरं सांगा, याआधी असं झालं होतं?”

“नाही म्हटलं तर सही कराल?”

“तुमच्या शब्दावर करावी लागेल.”

समोरून एक म्हातारबुवा कुत्र्याला घेऊन रस्ता ओलांडत होते, गाडीकडे ढुंकूनही न बघता. शिकाऊ गाडीला लोक तसे घाबरत नाहीत. शेजारी मास्तर असतो ना.

“परवा झालं होतं,” मास्तर म्हणाले. “हात असाच थरथरत होता. म्हटलं, वय झालं.”

बाईंनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. “महिनाभर रोज गाडीत बसायच्या आधी साखर बघायची. या सीटवर बसा नाहीतर त्या सीटवर. हात थरथरला की गाडी बाजूला. आकडे मला दाखवा, सही माझ्याकडे लागली. आणि मघाशी खोटं बोलला असतात ना, तर...”

“तर काय?”

“तर मला कळलंच नसतं.”

मग मास्तरांनी घसा खाकरला. “बरं, निघायचं?”

“कसं निघणार? साखर सावरली तरी तुम्ही पाऊण तास गाडीला हात लावायचा नाही.”

“मग तुम्ही चालवा.”

“माझा परवाना शिकाऊ. शेजारी धड माणूस नको?”

“वा! दोन ब्रेक, दोन क्लच, आणि गाडी हलवायला कुणी नाही!” मास्तर पोट धरून हसले.

मग त्यांनी सीट मागे सरकवली, बूट काढले, दोन्ही पाय पेडलवरून उचलून वर घेतले आणि चक्क मांडी घातली.

“पाऊण तास आहे ना हाताशी? मग हे साखरेचं शिकवा, डॉक्टरीणबाई. मला काहीच येत नाही, असं धरून चाला.”