पानांची थरथर

मिस्त्रींनी तिसऱ्यांदा प्लग काढले, पुसले आणि परत बसवले. पिकअप सुरू केली. पुन्हा तेच. दोन ठोके बरे, तिसरा चुकलेला, आणि मग हीव भरल्यासारखी सगळी गाडी हलायची. रेस दिली की सुरळीत. रेस सोडली की हुडहुडी.

"काका, अकराला कुंड्या पोचवायच्यात हो," रोपवाली म्हणाली. पिकअपच्या हौद्यात तिची शंभरेक रोपं दाटीवाटीने उभी होती. ऊन चढत चाललं होतं. तिने दोनदा नळावरून बादली आणून पाणी शिंपडलं होतं. "माझे बाबा म्हणायचे, त्या मिस्त्रीला गाडी नुसती ऐकवा, रोग सांगतो. म्हणून मी चौकातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेले नाही."

मिस्त्रींनी वर न बघता पुन्हा रेस दिली.

गॅरेजच्या बरोबर वर त्यांचं स्वयंपाकघर होतं. मिस्त्रींची बायको खिडकीशी उभी होती. चहा एकदा गार झाला होता, तिने तो परत गरम केला होता. इंजिनाच्या खडखडाटाखाली एक बारीक आवाज तिला सकाळपासून ऐकू येत होता. दाराच्या फटीतून वारा शिरावा तसा, सूंऽऽ. कुठेतरी हवा ओढली जात होती. इतकी वर्षं गॅरेजच्या डोक्यावर राहून एवढं तिलाही कळत होतं. आता सापडेल, आता सापडेल, म्हणून ती थांबली होती. ती खुर्चीवर बसली, उठली, ओटा पुसला, पुसलेलाच परत पुसला. शेवटी ओल्या फडक्याने चहाचं पातेलं धरून, दुसऱ्या हातात कप घेऊन ती जिना उतरली.

मिस्त्री वाकले होते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला. डॉक्टरची नळी असते तसं. असं ऐकताना ते नेहमी डोळे मिटून घेत. शेजारी भांडण लागलं तरी उघडत नसत.

आज डोळे उघडे होते.

ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. "अहो, ती हवा ओढल्याचा आवाज येतोय ना, मागच्या बाजूने."

ते हलले नाहीत. ती जरा मोठ्याने म्हणाली, "अहो!"

गेले कित्येक दिवस हे असंच चाललं होतं. तिने मनावर घेतलं नव्हतं. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर नवरा पहिल्या हाकेला ओ देत नाही, यात नवल कसलं?

मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर तसाच कानाला ठेवून रेस दिली आणि मान वळवून मागे, हौद्याकडे पाहिलं. पानं शांत. रेस सोडली. पानं थरथरायला लागली. त्यांनी पुन्हा रेस दिली, पुन्हा पाहिलं. ते इंजिन ऐकत नव्हते. पानं बघत होते.

ओ न मिळालेल्या सगळ्या हाका तिला एकदम आठवल्या.

"काकू, तुम्ही तरी सांगा," रोपवालीने घड्याळ पाहिलं. "होत नसेल तर मी चौकात नेते. राग नाही, पण रोपं माना टाकतील."

ओरडून सांगता आलं असतं. पण त्यांना ऐकू जाईल असं ओरडायचं तर ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असतं.

"नेशील गं. आधी चहा घे," ती म्हणाली. पातेलं आणि कप तिने टेबलावर टेकवले आणि फडकं घेऊन सरळ बॉनेटखाली वाकली.

"अगं, हात भाजेल!" मिस्त्री मोठ्याने म्हणाले.

इंजिनाच्या मागे बोटाएवढी रबरी नळी होती. तिने ओलं फडकं तिच्यावर दाबलं. फडकं आत ओढलं गेलं आणि चिकटून बसलं.

मिस्त्रींचा डावा तळवा मडगार्डवर होता. त्याखालची हुडहुडी थांबली. त्यांनी हौद्याकडे पाहिलं. एकही पान हलत नव्हतं. तिने फडकं उचललं. पानं थरथरली. ठेवलं. थांबली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिचा हात हळूच बाजूला केला आणि नळीवर स्वतःचा अंगठा ठेवला.

"नळीला चीर आहे," ते म्हणाले. "हवा ओढतेय."

नवी नळी कापून बसवायला दहा मिनिटंही लागली नाहीत. पिकअप मांजरासारखी गुरगुरत उभी राहिली. मिस्त्री पाठमोरे हात पुसत होते.

"काका, ओळखलंत कसं?" रोपवालीने विचारलं.

मिस्त्री हात पुसतच राहिले.

"कान आहे त्यांचा," बायको म्हणाली. "तुझे बाबा सांगायचे ना? जा आता, ऊन वाढलं."

रोपवालीने एक छोटी कुंडी उतरवून टेबलावर ठेवली आणि ती गाडीत बसली. पिकअप वळणाआड गेली. गॅरेज एकदम शांत झालं.

मिस्त्री लोखंडी टेबलाशी पाठमोरे उभे होते. एका हाताने नट आवळायचे पाने उगाच लहानमोठ्या क्रमाने लावत होते. दुसरा तळवा टेबलावर सपाट टेकला होता.

"अहो," ती म्हणाली. नेहमीच्याच आवाजात.

त्यांनी एक पाना उचलून दुसरीकडे ठेवला.

ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाशी गेली आणि बोटाच्या पेराने पत्र्यावर दोनदा टकटक केलं. कुंडीतलं पान हललं.

मिस्त्री लगेच वळले. "काय गं?"

"चहा घ्या," ती म्हणाली. "गार होतोय."

ती बोलून थांबेपर्यंत ते तिच्या ओठांकडे बघत होते.