शार्दूल खरं बोलतो

कॉलेजच्या बंद वेधशाळेत बेकायदा शिरल्याचा खटला होता, तरी केतकी कोर्टात निर्धास्त बसली होती. कुलूप शार्दूलने उघडलं होतं, स्वतःजवळच्या किल्लीने. "चल गं, धूमकेतू दाखवतो," असंही तोच म्हणाला होता. पहिल्या वर्षापासूनचा तिचा जिवलग मित्र आता साक्षीला उभा होता, कपाळावर सत्यपट्टी बांधून.

"केतकीला आत तुम्ही नेलंत?" तिच्या वकील सामंतबाईंनी विचारलं.

"नाही. मी यांना ओळखतही नाही."

"धडधडीत खोटं बोलतोय हा!" केतकी ओरडली. खोटं बोललं की लाल होणारा पट्टीवरचा दिवा मात्र हिरवाच राहिला.

सामंतबाई तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "त्याच्या कानामागचा ताजा टाका बघ. स्वतः अडकू नये म्हणून शस्त्रक्रियेने डोक्यातली तुझी आठवणच काढून टाकून आलाय. नुसती वेधशाळेतली ती संध्याकाळ काढता येत नाही, अख्खा माणूस काढावा लागतो. आणि कोर्टात त्याबद्दल विचारायला कायद्याने बंदी आहे."

साक्ष संपवून जाताना शार्दूल केतकीपाशी थांबला. तिचे भरलेले डोळे पाहून त्याला खरोखरच वाईट वाटलं.

"रडू नका," तो म्हणाला. "तुम्हाला ज्याने आत नेलं, तो येईल की सांगायला."