मागचे पाय

"आता खुर्ची," असं म्हणत जावयाने ती बाकावर ठेवली आणि तो ओशाळल्यासारखा हसला. त्याच्या मागून छोटी ठकीही आत आली.

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जावयावर नव्हे, लेकीवर. ही खुर्ची त्यांनी स्वतःच्या हातांनी करून लेकीला लग्नात दिली होती. सांधे असे, की हत्ती बसला तरी कुरकुरणार नाही. आणि आता मागचे दोन्ही पाय सांध्यातून उकललेले. पाठीच्या वरच्या पट्टीवर खोल ओरखडा, लोखंड घासावं तसा.

"आपटली?"

"जाऊ द्या हो, आप्पा. राग आला की तिचं तिला कळत नाही. पण तुम्ही काही बोलू नका तिला. उगाच मनाला लावून घेईल."

बघा, वर तिचीच बाजू घेतो! असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळाला नसता. इतक्या वर्षांत त्याचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. गल्लीत कुणी धक्का मारला तर हाच माफी मागून मोकळा.

आणि आमची? राग नाकावर घेऊनच जन्माला आली. मिस्त्रींनी केलेल्या लाकडी घोड्याची शेपटी आखूड झाली म्हणून तिने तो भिंतीवर भिरकावला होता. तेव्हा ती नीट चालायलासुद्धा शिकली नव्हती. गल्ली तिला 'तोफ' म्हणायची आणि मिस्त्री ते कौतुकाने चारचौघांत सांगायचे. आता तेच कौतुक अंगाशी आलं होतं.

आधी तिच्या झोपायच्या खोलीच्या दाराची फळी तडकली. मग त्याच दाराची आतली कडी स्क्रूंसकट उखडून आली, लाकडाचा टवका घेऊन. दार किती जोरात आपटायचं, याला काही सुमार? गेल्या आठवड्यात मिस्त्री नवी कडी घेऊन गेले, तर जावयाने त्यांना हळूच बाजूला घेतलं होतं.

"कडी नकाच बसवू, आप्पा. रागाच्या भरात ती आत कोंडून घेते. काही बरंवाईट केलं तर? मला झोप लागत नाही हो."

मिस्त्रींना पटलं. त्यांनी उरलेला कोयंडाही काढला, भोकं लांबी भरून बुजवली, वर पॉलिश पेपर फिरवला. लेक उंबऱ्यात उभी होती.

"आप्पा, कडी राहू द्या ना."

"का? तोंड लपवून बसायला? हात आवर आधी."

मिस्त्रींना वाटलं होतं, आता तोफ धडाडणार. पण तिने त्या बुजवलेल्या भोकांवरून बोट फिरवलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मी आणि ठकी चार दिवस तुमच्याकडे येऊ?"

"रागाला लगाम घातलास की ये. असं रुसून माहेरी यायचं नाही."

बोलले खरे, पण भीती त्यांनाच होती. जावई म्हणजे गरीब गाय, पण गायसुद्धा किती दिवस लाथा खाईल? एक दिवस कंटाळून सोडून देईल, आणि लेक पोरीला घेऊन रस्त्यावर येईल. कुणाचा संसार आजवर आदळआपटीने टिकलाय?

"मी बाजारातून येतो तोवर ठकीला बसू द्या इथे," खुर्ची ठेवून निघालेला जावई म्हणाला. जाताना त्याने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. ठकी भुशाच्या ढिगाजवळ खाली मान घालून उभी राहिली.

मिस्त्रींनी रंधा हाती घेतला. रागात त्यांचा रंधा फार जोरात चालायचा. आज तर लाकडाची सालटी थेट दारापर्यंत उडत होती.

ठकी फळीवरून आपलं बाहुलीघर उतरवून बसली. मिस्त्री ते तिच्यासाठीच करत होते. तडकलेल्या फळीच्या भिंती, खोक्याचं छप्पर, काड्यापेटीचा पलंग. सुपारीएवढी एक खुर्चीसुद्धा झाली होती. काल मिस्त्रींनी खोलीला दार बसवून त्याला दोन्ही बाजूंनी खिळ्याच्या माथ्याची मूठ लावली होती.

"आजोबा, दाराला कडी लाव ना."

"लावतो. बाहेरून लावू, म्हणजे बाहुली पडायची नाही."

"बाहेरून नको. आतून."

"आतून कोण लावणार? तुझ्या बाहुलीला बोटं तरी आहेत का?"

"मी लावून देईन. मग दार ओढून घेईन."

"असं कसं बंद होईल ते? काहीतरीच!"

"आतून!" ठकीने पाय आपटला.

झालं! आईच्या वळणावर गेली. मिस्त्रींचा पारा चढला. "मुळीच लावणार नाही! कडी नको नि बिडी नको. शहाण्यांच्या घरात कोंडून घ्यायला कडी लागत नाही, समजलं? तुझ्या आईचीसुद्धा काढून टाकली मी!"

ठकी रडली नाही. तिने मोठी बाहुली आणि छोटी बाहुली उचलून खोलीत पलंगामागे बसवल्या आणि दार ओढून घेतलं. मग छप्पर उघडून वरून हात आत घातला. मिस्त्री रागारागाने रंधा मारत होते, पण नजर तिकडेच होती. पोरीने ती इवलीशी खुर्ची उचलली. पलंगाजवळ ठेवली नाही. मागच्या दोन पायांवर तिरकी केली आणि तिची पाठ दाराच्या मुठीखाली घट्ट अडकवली. बोटाने बाहेरून दार ढकलून पाहिलं. दार उघडलं नाही.

रंधा थांबला.

"कडी नसली की अशी लावायची," ठकी समजावून सांगत म्हणाली. "पण हिचे मागचे पाय जाड कर हं, आजोबा. बाबा बाहेरून लाथा मारतात ना, तेव्हा तेच मोडतात."