उशाचा गूळ

ज्ञानूने आ केला आणि दीनानाथ मास्तर त्याच्या तोंडावर वाकले. आठ वर्षांच्या पोराची नवी दाढ आत्ता कुठे वर आली होती, आणि तिच्यावर तिळाएवढा काळा डाग पडला होता.

"रात्री पुन्हा गूळ खाल्लास?"

"आजी देती," ज्ञानू म्हणाला. "उशाला ठेवती. वर चूळ बी भरू देत न्हाई."

मास्तरांनी त्याला रांगेतून बाजूला काढलं. हिर्डोशीच्या शाळेत प्रार्थनेआधी दात पाहायची रीत त्यांनीच पाडली होती. भोरहून बदली होऊन आल्या आल्या त्यांनी मुलांना मीठ-राखुंडी दिली, बाभळीच्या काड्या दिल्या. ज्याचे दात स्वच्छ, त्याला मास्तरांच्या हातआरशात तोंड पाहायला मिळे. त्या आरशापायी पोरं उजाडताच ओढ्यावर दात घासत बसत. एक ज्ञानू सोडून.

लोकांना हे खूळ वाटे. वाटो बापडं. मास्तरांची सरोज सातव्या वर्षी गेली होती. दाढ किडली, गाल सुजला, ताप डोक्यात चढला आणि पाचव्या दिवशी लेकरू हातचं गेलं. तेव्हापासून कुणाचंही मूल गालाला हात लावून बसलं, की मास्तरांना घास गिळवत नसे.

शाळा सुटताच ते ज्ञानूच्या आजीच्या, ठकुबाईच्या दारात जाऊन उभे राहिले. म्हातारी ओट्यावर नाचणी पाखडत होती. गंमत अशी, की सत्तरीतही तिचे स्वतःचे दात शाबूत होते. सकाळी काडी चावल्याशिवाय ती पाण्यालाही शिवत नसे. आणि तिचा मुलगा गेनबा, म्हणजे ज्ञानूचा बाप, त्याच्या तोंडाचं मात्र तिशीतच बोळकं झालं होतं. बिचारा भाकरी ताकात कुस्करून गिळायचा. दुसऱ्या महायुद्धाला तीन वर्षं होत आली होती. गेल्या महिन्यात गावात भरतीवाले आले, तेव्हा डॉक्टराने गेनबाचं तोंड उघडून पाहिलं आणि तसाच घरी धाडला. हा किस्सा मास्तरांनी वर्गात चांगला रंगवून सांगितला होता. दात गेले की सरकारदेखील विचारत नाही, असंही वर जोडलं होतं. पोरं खदखदून हसली होती. ज्ञानू तेवढा मान खाली घालून बसला होता.

"आजी, मुलाचं तोंड नासवलंत. आता नातवाचंही नासवणार?"

"बसा, मास्तर. पानी देऊ?"

"पाणी नको. गूळ बंद करा."

"लेकरू गोड मागतं. देती."

"तुमच्या घरात चहाला गूळ नाही, आजी!" मास्तरांचा आवाज चढला. ते खोटं नव्हतं. लढाईपायी गूळ दिसेनासा झालेला. घरातली मोठी माणसं बिनगोडाचा काढा पीत, पण चुलीमागच्या मडक्यात ज्ञानूपुरता खडा असायचाच. मडक्यावर झाकण म्हणून एक काशाची चकती होती, हाताच्या पंजाहून थोडी मोठी, काजळीने काळीठिक्कर.

ठकुबाईने सूप खाली ठेवलं. "दात चांगलं असल्यावं काय व्हतं, मास्तर?"

"माणूस धट्टाकट्टा राहतो. चारचौघांत उठून दिसतो."

"व्हय," म्हातारी म्हणाली. "उठून दिसतो खरा." आणि तिने सूप पुन्हा उचललं.

पालथ्या घड्यावर पाणी! मास्तर तणतणत परतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ज्ञानूला एकट्याला गाठून बजावलं. गूळ घ्यायचा, आजीपुढे तोंडाशी न्यायचा, पण खायचा नाही. सकाळी आणून माझ्याकडे द्यायचा. पोराला आजीशी लबाडी शिकवताना त्यांना लाज वाटली. पण सरोजचा सुजलेला गाल काही डोळ्यांपुढून हलेना.

ज्ञानू शब्दाला जागला. रोज एक खडा मास्तरांच्या डब्यात पडू लागला. डाग वाढायचा थांबला. पुढचे नवे दात मक्याच्या कोवळ्या दाण्यांसारखे ओळीने उभे राहिले. दोन महिन्यांनी ज्ञानूने पहिल्यांदा आरसा हातात घेतला, आणि तो इतका वेळ स्वतःकडे बघून हसत राहिला, की शेवटी पोरांनी आरसा हिसकावून घेतला.

मास्तरांना राहवेना. डबा काखोटीला मारून आणि ज्ञानूचा हात धरून ते तडक ठकुबाईकडे गेले.

"रागवायचं तर रागवा, आजी. पण आधी हे बघा."

ठकुबाईने डब्यातले खडे पाहिले. मग नातवाची हनुवटी धरून त्याला उजेडाकडे वळवलं आणि त्याच्या एकेका दातावरून बोट फिरवलं. ओठांतल्या ओठांत ती दात मोजत होती. मास्तरांना वाटलं, आनंदाने.

"लई चांगलं राखलंत," ती म्हणाली.

ती आत गेली आणि मडकं घेऊन आली. सगळे खडे तिने त्यात ओतले. झाकणाची चकती राखेने घासली, पदराने पुसली आणि मास्तरांच्या हातात दिली.

"इंग्रजी वाचता न्हवं तुमी?"

चकतीवर एक सिंह होता. कडेने लढाईत प्राण दिल्याची इंग्रजी अक्षरं होती आणि आत एका लहान चौकटीत नाव होतं. मास्तरांनी ते लावून लावून वाचलं. कोंडिबा.

"माजा थोरला," ठकुबाई म्हणाली. "मागल्या लढाईच्या वक्ताला सायबानं चावडीपुढं त्याचं तोंड उघडून बगितलं. बत्तीसच्या बत्तीस मोजलं, पाठीवर थाप मारली आनि घेऊन गेला. माघारी हे झाकान आलं."